दारू सोडतांना माणूस कां मरतो?

(राहू, ता. दौंड, येथें गांवकऱ्यांच्या बैठकींत व्यसनाच्या शास्त्राचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्यानें केलेलें भाषण.)



आम्ही ह्या बेटांतलेच. भीमा आणि मुळामुठा ह्या दोन नद्यांच्या मधला हा जो काळ्या जमिनीचा पट्टा आहे, त्यांतल्या उसाच्या पाचटानें आमचे पाय लहानपणापासून कापले आहेत. तेव्हां परक्या व्याख्यात्यासारखी लांबलचक प्रस्तावना आम्हीं करूं नये हेंच बरें. पुण्यास शिकावयास गेल्यापासून आम्ही गांवीं आलों कीं पहिला प्रश्न ठरलेला : "काय शिकतोस रं?" आम्ही सांगतों, "माणसाला व्यसन कां लागतें आणि लागलेलें सुटत कां नाहीं, ह्याचें शास्त्र शिकतों." ह्यावर पारावर जो हंशा पिकतो तो तुम्हांस ठाऊकच आहे. "आरं, त्याला पुण्याची शाळा कशापायी? सांजच्याला स्टँडावर ये, समदं शिकवतो!" आमच्या आईस तर सोयऱ्यांपुढें हें सांगण्याची लाज वाटते. "डाक्टरकीचं कायतरी करतोय" असें म्हणून ती वेळ मारून नेते.

हंसणारांवर आमचा राग नाहीं. पण हा अभ्यास आम्हीं कां धरला, हें गांवांत आजवर कोणास सांगितलें नव्हतें. तें आज सांगावयाचें आहे. घरची गोष्ट चव्हाट्यावर आणूं नये असें म्हणतात. पण जी गोष्ट घरोघरची आहे ती झांकून ठेवली म्हणजे अब्रू वाचत नाहीं, फक्त मढीं वाढतात.

आमचे धाकटे चुलते, त्यांस आम्ही नाना म्हणत असूं, गुळवे होते. तुम्हां गुऱ्हाळवाल्यांस गुळव्या म्हणजे काय हें सांगावयास नको. काहिलींत रस किती आटला, पाक केव्हां झाला, काहील केव्हां उतरावयाची, हें सारें त्याच्या नजरेवर. नाना पाकाचा थेंब पाण्यांत टाकीत, बोटांत धरून चाळवीत, आणि "उतरा" म्हणत. घटका इकडची तिकडे झाली तर गूळ करपायचा नाहींतर मऊ राहायचा. नानांच्या हातीं असें कधीं झालें नाहीं. पण रात्ररात्र चुलवाणाच्या धगीपुढें उभें राहावयाचें, झोप नाहीं, वेळेवर भाकरी नाहीं. अंगदुखी जावी म्हणून प्रथम थोडी, मग रोज, मग दोन वेळां. पुढें पुढें तर सकाळीं हात असे कांपूं लागले कीं एक घोट पोटांत गेल्याखेरीज पाकाचा थेंब पाण्यांत नीट पडेना. हें कांपणें तेवढें ध्यानांत ठेवा. त्यापाशीं आपणांस परत यावयाचें आहे.

शेवटीं घरांत बैठक बसली. आजोबा होते, भाऊबंद होते, काकीचे दोघे भाऊ आले होते. ठरलें कीं आजपासून एक थेंब नाहीं. नानांनीं देवापुढें हात ठेवून शपथ घेतली, आणि ती खोटी नव्हती हें आम्ही आजही छातीवर हात ठेवून सांगूं. मन फिरूं नये म्हणून त्यांनीं आपणच सांगितलें, "मला कोंडा." गोठ्याशेजारच्या खोलींत त्यांचें अंथरूण घातलें आणि बाहेरून कडी लावली. कोणाच्याही मनांत वाईट नव्हतें. आम्ही त्या वेळीं दहावींत होतों. पाण्याचा तांब्या घेऊन कडीबाहेर आम्हांसच बसविलें होतें.

पहिल्या सांजेस हातापायांस कांप सुटला, अंगावर घामाच्या धारा, पोटांत कांहीं ठरेना. दुसरे दिवशीं दातखिळी बसून झटका आला. सगळे म्हणाले, नशा उतरते आहे, उतरूं द्या. रात्रीं ते आढ्याकडे बोट करून "बिबट्या उतरला, बिबट्या उतरला" म्हणून ओरडूं लागले. मग घरांतल्यांस वाटलें, ही बाहेरची बाधा. देवऋषी आला, लिंबें कापलीं, अंगारा लावला, आणि मोबदला घेऊन गेला. तिसरे दिवशीं अंग तापानें भाजत होतें, आणि आम्हांस ते ओळखीत नव्हते. चौथे दिवशीं पहांटे ओरडणें थांबलें. आम्हांस वाटलें, झोप लागली.

लोक म्हणाले, दारूनें मारिलें. आम्हीही तेंच म्हणत होतों. पुढें पुण्यास शिकतांना एका दुपारीं ग्रंथालयांत बसून एक जुनें प्रकरण वाचलें, आणि त्यांत आमच्या गोठ्याशेजारची ती खोली जशीच्या तशी सांपडली. कोणत्या तासास कांप, कोणत्या तासास झटका, कितव्या दिवशीं भ्रम, कितव्या दिवशीं ताप, सारें क्रमवार लिहिलेलें. नाना पीत राहिले असते तर त्यांचें काळीज केव्हां तरी सडलें असतें, ही गोष्ट खरी. पण त्या आठवड्यांत ते मेले ते दारू प्याल्यानें नव्हे. ती एकाएकीं तोडल्यानें मेले. आणि ज्या औषधानें ते वाचले असते तें कांहीं मोलाचें नव्हतें. कोणत्याही सरकारी दवाखान्यांत मिळतें.

आतां हें कसें घडतें तें सांगतों. गुऱ्हाळाचाच दाखला घेऊं, म्हणजे आम्हांस सोपें आणि तुम्हांसही. आपल्या मेंदूंत दोन कामें अहोरात्र चालतात. एक चेतविण्याचें, दुसरें शमविण्याचें. चेतविणारें मुख्य द्रव्य ग्लुटामेट, शमविणारें गाबा. एक चुलवाणांत चिपाडें घालणारा गडी समजा, दुसरा रस उतूं लागला कीं पाण्याचा हबका मारणारा. दोघे तोलानें वागले कीं माणूस शुद्धींत असतो, झोपेच्या वेळीं झोपतो, जागेच्या वेळीं जागतो. दारू काय करते? शमविणाराचा हात बळकट करते आणि चेतविणाराचा हात धरून ठेवते. म्हणून प्यालेल्याला सैल वाटतें, जीभ लडबडते, पाय घसरतो. एखादे दिवशीं असें झालें तर दुसरे दिवशीं गाडी मूळ वाटेवर येते. पण रोज, वर्षानुवर्षे, काहिलींत गार पाणी पडूं लागलें तर गुऱ्हाळ बंद पडेल; म्हणून मेंदू आपला बंदोबस्त करतो. तो चुलवाणाची आग वाढवितो आणि आपले पाणी मारणारे गडी कमी करतो. आतां तोल राहतो तो दारू धरूनच. असा माणूस प्याल्यावर शहाण्यासारखा दिसतो आणि न प्याल्यावर कांपतो. नानांचा सकाळचा हात कांपे तो ह्याचसाठीं. तो कांप म्हणजे मेंदूचा लेखी निरोप होता, आणि तो वाचणारा आमच्या घरांत कोणी नव्हता.

अशा माणसाची दारू एका दिवसांत बंद केली म्हणजे बाहेरचें गार पाणी बंद झालें, आणि आंतली आग मात्र पूर्वीइतकीच. काहील उतूं जाणार नाहीं तर काय होईल? शेवटच्या घोटानंतर सहाआठ तासांत कांप आणि घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊं शकतात. दोन दिवसांनंतर, बहुधा तिसऱ्या चौथ्या दिवशीं, भ्रम : भिंतीवर किडे, आढ्यावर साप, कोणी मारावयास आलें आहे असें वाटणें, जोडीस ताप आणि सुटलेलें काळीज. इंग्लंडांतील टॉमस सटन नांवाच्या वैद्यानें १८१३ सालीं ह्या भ्रमास डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे कांपरा भ्रम, हें नांव दिलें. उपचार नसत तेव्हां ह्यांत सांपडलेल्यांपैकीं तिसरा हिस्सा माणसें दगावल्याचे आंकडे आहेत. वेळेवर उपचार मिळाल्यास आज शंभरांत पांचसुद्धां दगावत नाहींत.

भलता अर्थ मात्र कोणी घेऊं नका. "शिकलेला पोरगा म्हणाला, दारू सोडली कीं मरण येतें" असें सांगत कोणी उद्यां स्टँडावर जाऊं नका. रोज पिणाऱ्यांतही बहुतेकांस थोडा कांप आणि दोन रात्रींचें जागरण एवढ्यावर सुटका होते. ज्यास सकाळीं उठल्या उठल्या लागते, ज्याचा हात न पितां कांपतो, ज्यास पूर्वीं सोडतांना एकदां झटका आला आहे, त्याचा धोका मोठा. अशानें दारू सोडावीच, पण दवाखान्यांत सोडावी. डायझेपाम किंवा लोराझेपाम ह्या जातीचें औषध डॉक्टर मोजून देतात. तें दारूच्या जागीं कांहीं दिवस शमविण्याचें काम करतें आणि मग पायरीपायरीनें उतरवून बंद करतात. त्याबरोबर 'ब' एक जीवनसत्त्वाचीं इंजेक्शनें. कारण पिणाऱ्याच्या अंगांत तें उरलेलें नसतें, आणि त्याच्यावांचून नुसतें साखरेचें सलाईन चढविलें तर कायमची विस्मृति जडूं शकते. एवढाच हा खटाटोप. पांचसात दिवसांचा. तंबाखू, मिश्री, गांजा एकाएकीं सोडल्यानें कोणी मरत नाहीं. चिडचीड होते, झोप जाते इतकेंच. अफू आणि गर्द सोडतांना हाल कुत्रा खात नाहीं, पण धडधाकट माणूस त्यांत बहुधा मरत नाहीं. दारूची गोष्ट निराळी, आणि तीच आपल्या गांवांत सर्वांत जास्त.

हें शास्त्र कसें सिद्ध झालें तेंही ऐका. १९५० पर्यंत मोठमोठे डॉक्टरसुद्धां भांडत होते कीं हा भ्रम दारूनें होतो, उपासमारीनें होतो, कीं दारू तोडल्यानें. अमेरिकेंत केंटकी प्रांतांत लेक्सिंग्टन येथें व्यसनी कैद्यांचें सरकारी इस्पितळ होतें. तेथें हॅरिस इस्बेल आणि त्याचे सोबती ह्यांनीं दहा माणसें घेतलीं, पूर्वीं मॉर्फीनचें व्यसन असलेलीं. त्यांस उत्तम खाणें, भरपूर जीवनसत्त्वें, आणि आठवडेच्या आठवडे मोजून दारू दिली, आणि एके दिवशीं बंद केली. जीं माणसें सातआठ आठवडे वा त्याहून अधिक प्यालीं होतीं, त्यांच्यांत कांहींस झटके आले, कांहींस भ्रम झाला. पोट भरलेलें असतांही झालें. म्हणजे दोष उपासमारीचा नव्हे, तोडण्याचा, हें १९५५ सालीं निर्विवाद ठरलें. ह्या दहांचीं नांवें कोणत्याही ग्रंथांत नाहींत. ज्यांच्या देहावर हें ज्ञान मिळविलें ते बंदिवान होते, राजीखुषीनें आले असें कागदावर लिहिलें आहे. पण तुरुंगांतल्या माणसाची राजीखुषी ती केवढी! तें ज्ञान अशा किमतीनें मिळालेलें आहे. आणि इतक्या वर्षांनंतरही तें आमच्या गोठ्यापर्यंत पोंचलें नव्हतें, ह्याचा संताप आम्हांस येतो.

आतां दुसरा प्रश्न. दवाखान्यांतून बरा होऊन आला, महिनाभर राहिला, आणि पुन्हां गेला. मग सारा गांव म्हणतो, "ह्याच्या मनांतच नाहीं." आम्हीही नानांस हें म्हटलें होतें. मेंदूच्या तळाशीं कांहीं पेशी आहेत, त्या डोपामीन नांवाचें द्रव्य सोडतात. वोल्फ्राम शुल्ट्झ नांवाच्या शास्त्रज्ञानें माकडांवर प्रयोग केले. माकडास फळाचा रस मिळाला कीं ह्या पेशी उसळत. पुढें रसाच्या आधीं दिवा लावूं लागले. कांहीं दिवसांत पेशी रसावर उसळेनात, दिव्यावरच उसळूं लागल्या. आणि दिवा लागून रस आला नाहीं तर त्या नेहमींपेक्षांही मुक्या पडत. आपल्या गोठ्यांत हेंच रोज दिसतें. पेंडीची बादली वाजली कीं बैल उठून उभा राहतो, तोंडांत पेंड पडण्याच्या किती तरी आधीं. दारू ह्या पेशींस दर वेळीं रसायनाच्या जोरानें उसळविते. म्हणून दुकानाकडे वळणारा रस्ता, सोबत्याची शीळ, पगाराचा दिवस, बाटलीचें बूच, हीं सारीं त्या माणसाची पेंडीची बादली होऊन बसतात. तो वाटेनें जातो आणि त्याचें मन ठरविण्याच्या आधीं त्याचा मेंदू उठून उभा राहिलेला असतो.

ह्याहून एक चमत्कारिक गोष्ट केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन ह्या दोघांनीं १९९३ मध्यें मांडली. हवेंसें वाटणें निराळें आणि गोड लागणें निराळें. मेंदूंत दोहोंच्या वाटा वेगळ्या. व्यसन वाढत जातें तसें हवेंसें वाटणें वाढतें आणि गोडी मात्र वाढत नाहीं, बहुधा उणीच होते. नाना शेवटच्या वर्षीं प्रत्येक घोटाला तोंड वांकडें करीत, थुंकत, आणि पुन्हां पीत. आजोबा म्हणत, "आवडत न्हाई तर पितोस कशाला?" त्याचें उत्तर नानांजवळ नव्हतें. आजोबांजवळही नव्हतें.

तेव्हां व्यसनी माणूस निर्दोष, असें का आम्ही म्हणतों? तसें नव्हे. बायकोला मारणारा हात त्याचाच, पोराच्या फीचे पैसे नेणारा हातही त्याचाच, आणि त्याचा जबाब त्यानें दिलाच पाहिजे. पण पूर्वजन्मींचें पाप म्हणून हात झटकणें, किंवा अमुक जातच पिणारी म्हणून नाक मुरडणें, हा लबाडीचा धंदा आहे. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासावरून दिसतें कीं दारूचें व्यसन जडण्यांत जवळजवळ निम्मा वांटा रक्ताचा, निम्मा भोंवतालचा. रक्त म्हणजे घराणें, जात नव्हे. एकाच आईच्या दोन लेंकांत एकास जडतें, दुसऱ्यास नाहीं. आणि भोंवताल कोण बनवितो? इंग्रजी अमदानींत अबकारीच्या उत्पन्नासाठीं दुकानांचे लिलाव होत. १८८० सालीं जोतीराव फुले पुण्याच्या म्युनिसिपालिटींत सभासद असतां शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांवर त्यांनीं लेखी हरकत घेतली. दुकान वाढलें कीं पिणारे वाढतात, हें सांगावयास त्यांस डोपामीन ठाऊक असण्याची गरज पडली नाहीं.

भोंवतालाचा एक मोठा पुरावा व्हिएतनामच्या लढाईनें दिला. तेथें अमेरिकेच्या शिपायांत हेरॉईन फार माजलें होतें. १९७१ सालीं परतलेल्या शिपायांचा माग ली रॉबिन्स ह्या विदुषीनें घेतला. पांचांत एक शिपाई तेथें आपण व्यसनी होतों असें कबूल करीत होता. सरकार घाबरलें होतें कीं हीं माणसें आतां देश बुडविणार. पण मायदेशीं आल्यावर पहिल्या वर्षांत त्या व्यसनी शिपायांपैकीं शंभरांत पांचच पुन्हां व्यसनांत गेले. रान बदललें, सोबत बदलली, पेंडीची बादली वाजेनाशी झाली. आणि आपण काय करतों? माणसास महिनाभर केंद्रांत ठेवतों, आणि थेट त्याच स्टँडावर, त्याच कट्ट्यापुढें, त्याच सोबत्यांच्या हवालीं आणून सोडतों. रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

आमच्या देशांत किती माणसें ह्यांत आहेत? दिल्लीच्या एम्स संस्थेनें केंद्र सरकारसाठीं केलेली मोजणी २०१९ मध्यें प्रसिद्ध झाली. दहा ते पंचाहत्तर वयाच्या लोकांत सुमारें १६ कोटि लोक दारू पितात. त्यांतल्या ५ कोटि ७० लाखांहून अधिक लोकांस मदतीची गरज आहे. आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागें एकास कसला तरी उपचार मिळाला. म्हणजे ३७ नाना कडीच्या आंत, आणि बाहेर तांब्या घेऊन बसलेलें पोर.

आयाबहिणींनो, आतां तुमच्याकडे वळतों. तुम्ही मघांपासून पुरुषांकडे बोट दाखवून हंसत आहांत, तें आम्हीं पाहिलें आहे. पण कनवटीची डबी? आमची आजी पहांटे तव्यावर तंबाखू जाळून काळी मिश्री करी. दांत घासावयास म्हणून दिवसांतून एकदां, मग जेवणावर, मग कामाच्या मधें, मग भूक मारावयास. १९६९ ते १९७१ ह्या काळांत टाटा संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनीं आपल्याच पुणें जिल्ह्यांतल्या खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ माणसांचीं तोंडें तपासलीं, तंबाखूनें तोंडांत काय होतें तें पाहण्यासाठीं. जगांत इतकी मोठी तपासणी क्वचितच झाली असेल. आणि ती झाली आपल्या आजीपणजीच्या तोंडांची. पुढें मुंबईंत १,२१७ गरोदर बायांचा माग ठेवून २००४ सालीं असें दिसलें कीं ज्या मिश्रीसारखी तंबाखू वापरतात त्यांचें मूल सरासरी १०५ ग्रॅमनें हलकें जन्मतें. मिश्रीची बाई रस्त्यावर पडत नाहीं, शिवी देत नाहीं, म्हणून तिला कोणी व्यसनी म्हणत नाहीं. आमच्या अभ्यासांत एक प्रश्न असतो : "उठल्यावर किती वेळानें पहिली मिश्री लावतां?" हा साधा प्रश्न व्यसनाची पकड किती घट्ट आहे तें सांगतो, जितका वेळ थोडा तितकी पकड मोठी. हा प्रश्न आम्हीं आमच्या आईस विचारला. ती म्हणाली, "उठल्यावर कसली? ती लावल्याबिगर उठायलाच हुत न्हाई." डाक्टरकीचें शिकणाऱ्या पोरास घरांतच पहिला जबाब मिळाला.

एका गोष्टीचा इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. "न कळत दारू सोडवा" अशा जाहिराती तुम्हीं भिंतींवर वाचल्या असतील. पुडी घ्या, भाजींत मिसळा, नवऱ्यास कळूं देऊं नका. अशा पुड्यांत पुष्कळदां काय असतें? डायसल्फिराम. हें औषध खोटें नव्हे. कोपनहेगनांत हाल्ड आणि याकोबसेन हे दोन संशोधक तें जंतांवर चालेल का हें पाहत होते. तें स्वतः घेऊन पाहिल्यावर मेजवानींत थोडी दारू पोटांत जातांच त्यांस मळमळूं लागलें, तोंड लाल झालें; आणि त्यावरून १९४८ सालीं हा शोध जगापुढें आला. दारू अंगांत मोडतांना मधें एक विषारी द्रव्य होतें, तें पुढें मोडूं न देण्याचें काम हें औषध करतें. माणसास सांगून, तपासून, त्याच्या राजीनें दिलें तर तें कुंपणासारखें उपयोगी पडतें. चोरून दिलें तर त्यास कळत नाहीं कीं घोट घेतल्यावर काय होणार आहे. रक्तदाब कोसळतो, काळीज थांबूं शकतें. ज्या बाईनें कुंकू राखावें म्हणून पुडी मिसळली, तिच्याच हातून तें पुसलें जाऊं शकतें. देवऋष्याची लिंबें निदान पोटांत जात नव्हतीं.

आणि आपल्या गुळाविषयीं एक शब्द. वाईट वाटेल, पण बोलतों. चांगला गूळ पेठेंत जातो. करपलेला, काळा, पाणी सुटलेला गूळ खावयास कोणी घेत नाहीं. तरी तो कोणी तरी घेतोच. हातभट्टीस काळा गूळ आणि नवसागर लागतो, हें लहान पोरासही ठाऊक आहे. जून २०१५ मध्यें मुंबईंत मालवणी येथें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. तींत मिथेनॉल होतें, ज्याचें अंगांत गेल्यावर फॉर्मिक आम्ल बनतें आणि आधीं डोळे जातात, मग जीव. कोणत्या गुऱ्हाळाचा गूळ कोणत्या भट्टींत जातो हें आम्ही जाणत नाहीं, आणि कोणावर आळ घेत नाहीं. पण गिऱ्हाईक काळ्या गुळास भाव चढवून देत असेल तर तो कशास नेतो, एवढें विचारावयास काय हरकत आहे? नाना विचारीत नसत. पाक बिघडला तर ती ढेप वेगळी ठेवीत, आणि सांजेस ती जाग्यावर नसे.

पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट ह्यांनीं पु. ल. देशपांडे ह्यांच्या साहाय्यानें मुक्तांगण सुरू केलें, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत. तेथें प्रथम गर्दाच्या पोरांसाठीं काम निघालें आणि दारूवाल्यांसाठींही चालूं झालें. बरे झालेले रुग्णच तेथें नव्या रुग्णांस हात देतात. हें सांगण्याचें कारण असें कीं आजोबांच्या बैठकीच्या दिवशीं ही जागा होती, राहूपासून एस. टी.च्या वाटेवर होती, आणि ससूनही होतें. भाऊबंदांपैकीं एकाच्याही तोंडून त्यांचें नांव निघालें नाहीं. नांव निघालें तें देवऋष्याचें. आजोबांना दोष द्यावा असें आम्हांस पूर्वीं वाटे. आतां वाटत नाहीं. त्यांना कोणी सांगितलेंच नव्हतें.

काकी आज पुढें बसल्या आहेत. हें सर्व सांगूं का, असें आम्हीं त्यांस काल रात्रीं विचारलें. त्या पुष्कळ वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "सांग. पर कडी म्या लावली व्हती, त्ये बी सांग." काकी, कडी सर्वांनीं लावली होती. तुमचा हात तेवढा त्या बाजूस होता.

आम्ही रविवारपर्यंत गांवांत आहोंत. ज्याचा सकाळीं हात कांपतो त्यानें, किंवा त्याच्या घरच्यांनीं, आमच्याकडे यावें. दिवसां लाज वाटत असेल तर रात्रीं यावें. नांव कोणास कळणार नाहीं. सोमवारीं सकाळच्या गाडीनें आम्ही पुण्यास जाणार, तेव्हां दवाखान्यापर्यंत सोबत येऊं. आम्ही नसलों तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर रात्रींबेरात्रींही चालतो, मराठींत बोलतां येतें, पैसे पडत नाहींत. तोंवर ज्याचा हात कांपतो त्याला कोणी कोंडूं नका.